आधी घाटातला सराव थांबव, मग ट्रॅकवर जा

«नमस्कार काका. मी साताऱ्याचा, वय 28. आमचा सिमेंट-खडीचा धंदा आहे. मार्चमध्ये मुंबईहून सेकंडहँड पोर्शे 718 केमन घेतली. संक्रांतीनंतर पुण्याच्या चार मित्रांबरोबर चेन्नईच्या रेस ट्रॅकवर ट्रॅक डेला, म्हणजे आपापली गाडी ट्रॅकवर चालवायच्या दिवसाला, जायचं ठरलंय. माझी पहिलीच वेळ. सराव म्हणून रोज पहाटे यवतेश्वर घाटातून कासच्या रस्त्याला गाडी काढतो. गॅरेजवाले म्हणतात, गाडी नवीनच आहे, काही करायला नको. मित्र दोन-तीनदा जाऊन आलेत, त्यांच्यापुढं मी फारच मागं पडलो तर हसं होईल असं वाटतं. आणि अप्पांना अजून काही सांगितलेलं नाही. त्यांनी उमेदीत शर्यतीची बैलं पाळलीत, पण या गाडीवर ते आधीच नाराज आहेत. काय करू? – एक वाचक, सातारा»

प्रिय मित्रा,

तुझं पत्र तीनदा वाचलं. गाडीबद्दल, ट्रॅकबद्दल सगळं सांगतो, पण आधी त्या पहाटेच्या सरावाबद्दल बोलू दे. तो उद्यापासून बंद कर.

यवतेश्वरचा रस्ता पहाटे मोकळा वाटतो, पण तो मोकळा नसतो. दुधाच्या किटल्या बांधलेली मोटारसायकल असते, फिरायला निघालेली जोडपी असतात, वळणावर कठड्यापाशी बसलेली माकडं असतात. कासच्या हंगामात तर रस्ता न ओळखणारे पर्यटक असतात. कायद्याचंही सांगून ठेवतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 खाली सार्वजनिक रस्त्यावर विनापरवाना शर्यत किंवा वेगाची चाचणी केली, तर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पण दंडाच्या भीतीनं थांब, असं मला म्हणायचं नाही. त्या दूधवाल्याच्या घरी चहा ठेवलेला असतो, म्हणून थांब.

दुसरं असं की घाट तुला ट्रॅकसाठी चुकीचं शिकवतो. घाटात तू आपली बाजू धरून, पलीकडचं दिसत नसताना, नजर बॉनेटच्या पुढं वीस-पंचवीस मीटरवर ठेवून चालवतोस. तिथं तेच बरोबर आहे. ट्रॅकवर रस्त्याची पूर्ण रुंदी तुझी असते आणि नजर पुढच्याच्या पुढच्या वळणावर न्यावी लागते. घाटातली सवय घेऊन गेलास, तर ती मोडण्यातच तुझा अर्धा दिवस जाईल. सरावच करायचा असेल तर कार्टिंग कर, म्हणजे छोट्या, बसक्या गाड्या ट्रॅकवर चालव. कोल्हापूर तुला सव्वाशे किलोमीटरच्या आत आहे. तिथं मोहिते रेसिंगचा कार्टिंग ट्रॅक आहे, आणि त्याच कोल्हापूरचा कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्री या मोटारशर्यतीपर्यंत गेला. एका दुपारी चार-पाच वेळा कार्ट घेऊन ट्रॅकवर उतर. कार्टमध्ये बूड जमिनीपासून चार बोटांवर असतं, त्यामुळं मागची चाकं कधी सटकायला लागली ते पाठीला आधी कळतं, डोळ्यांना नंतर. महिनाभराच्या घाटापेक्षा ती दुपार तुला जास्त देईल.

आता गाडी. «काही करायला नको» हे म्हणणं मला अजिबात पटलेलं नाही.

माझ्या पहिल्या ट्रॅक डेला मी साधी हॅचबॅक नेली होती. तीन सेशन, म्हणजे ट्रॅकवर उतरायच्या पाळ्या, छान झाली. चौथ्याला लांब सरळ रस्त्याच्या टोकाला ब्रेकवर पाय ठेवला, तर पेडल नेहमीच्या जागी थांबलंच नाही. ओल्या स्पंजावर पाय ठेवल्यासारखं ते खाली खाली गेलं. पुन्हा दाबलं, आणखी एकदा दाबलं, तेव्हा कुठं गाडी थोडी आवळली. वळण गेलं, मी सरळ गवतात. पुढं मोकळी जागा होती म्हणून मला आणि गाडीला काही झालं नाही. घाटात तिथं कठडा असता. चूक माझी होती. ब्रेक ऑइल तीन वर्षं बदललेलं नव्हतं.

हे का होतं ते समजून घे. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. डॉट 4 दर्जाचं ताजं ऑइल किमान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्यात पाणी मुरलं की हीच खात्री 155 अंशांवर येते. ऑइल उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. ऑइल दाबलं जात नाही, पण वाफ दाबली जाते, म्हणून पेडल खाली जातं आणि चाकापर्यंत जोर पोचत नाही. आता ट्रॅकवर किती उष्णता होते ते बघ. तुझी गाडी तुझ्यासकट साधारण 1,500 किलो धर. ताशी 180 वरून 72 वर यायला चांगले ब्रेक साडेतीन सेकंदांच्या आसपास घेतात. तेवढ्यात जी उष्णता तयार होते, तिच्यात पाच लिटर गार पाण्याला उकळी फुटेल. हे एका वळणाचं झालं, आणि फेरीत अशी तीन-चार ठिकाणं येतात. रस्त्यावर ताशी 60 वरून थांबतोस तेव्हा याच्या सातव्या हिश्श्याएवढीच उष्णता होते, म्हणून सातारा-पुणे करताना तुझ्या ब्रेकनं कधी तक्रार केली नाही.

तेव्हा निघायच्या आदल्या आठवड्यात ताजं ब्रेक ऑइल भरून चारही चाकांच्या ब्रेकमधली एअर काढून घे, आणि ते काम स्वतः उभं राहून करून घे. आधीच्या मालकानं ते कधी बदललं होतं याचा कागद नसेल, तर बदललेलंच नाही असं धर. ब्रेकचे पॅड झिजून निम्म्याच्या खाली आले असतील तर नवे टाक. टायरची नक्षी उत्तम दिसेल, कारण अशा गाड्या कमी फिरतात, पण नक्षीवर जाऊ नकोस, वय बघ. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. 2319 असेल तर तो टायर 2019 सालच्या 23व्या आठवड्यातला. रबर कडक झालेला टायर रस्त्यावर निभतो, ट्रॅकवर ऐन वेळी सोडून देतो. चाकांचे बोल्ट टॉर्कच्या पान्यानं, कंपनीनं दिलेल्या मापावर आवळून घे आणि दुपारी पुन्हा तपास. तुझ्या गाडीला स्टेपनी नाही, फक्त पंक्चरचं द्रावण आणि छोटा कंप्रेसर असतो. तो चालतो का, टोइंगचा हुक टूलकिटमध्ये आहे का, हे घरीच बघून ठेव.

आणि गाडी रिकामी कर. पायाखालची मॅट, पाण्याची बाटली, मोबाइलचा स्टँड, चार्जरची वायर, सगळं. डॅशबोर्डवर गणपती चिकटवला असशील तर तोही त्या दिवसापुरता काढ. ब्रेक मारल्यावर सुटलेली वस्तू पुढं येते आणि पेडलखाली जाऊन अडकते. मूर्ती रुमालात गुंडाळून बॅगेत ठेव, देव काही रागवत नाही.

चालवण्याबद्दल आता एकच गोष्ट नीट सांगतो. ती अप्पांना तुझ्याआधी कळेल.

बैलगाडीत ओझं मागं जास्त झालं की गाडी उलाळते, जू बैलांच्या मानेवरून उचललं जातं. ओझं पुढं आलं की गाडी धुरजड होते. मोटारीत हेच दर क्षणाला होत असतं, फक्त ओझं हलवणारा तुझा पाय असतो. ब्रेक दाबलास की गाडी धुरजड होते, पुढच्या टायरवर वजन येतं आणि स्टिअरिंगला धार येते. अॅक्सिलरेटर दिलास की वजन मागं जातं. आता तुझ्या केमनचं इंजिन सीटच्या मागं आहे, वजनाचा जास्त वाटा मागच्या चाकांवर. तू वळणात जरा जोरात शिरलास, मध्यावर भीती वाटली आणि पाय झटक्यात उचललास, तर काय होईल? वजन एकदम पुढं धावेल, मागचे टायर हलके होतील आणि गाडीचं बूड तुला ओलांडून पुढं यायला बघेल. नवशिक्यांच्या बऱ्याच गिरक्या अशा भीतीपोटी पाय उचलल्यानं होतात.

उपाय वळणात नाही, वळणाच्या आधी आहे. ब्रेक गाडी सरळ असतानाच, आणि जरा लवकर मार. सुरुवातीला ठाम दाब, मग वळणाकडं जाता जाता पाय हळूहळू हलका कर. वळणात शिरताना वेग जरा कमीच वाटला पाहिजे. मग वळणाच्या आतल्या कडेला टेकतानाच नजर बाहेर पडायच्या जागेवर ठेव आणि अॅक्सिलरेटर उलगडत जा. प्रत्येक टायर रस्त्याला तळहाताएवढ्या जागेत टेकलेला असतो. त्या चार तळहातांना ब्रेक आणि वळण दोन्ही पूर्ण जोरानं एकदम मागू नकोस. एवढं तुला दिवसाअखेर दहापैकी सात वळणांत जमलं तर मी म्हणेन छान शिकलास.

स्टॅबिलिटी कंट्रोल, म्हणजे गाडी घसरू लागली की आपोआप सावरणारी यंत्रणा, दिवसभर चालू ठेव. मित्र बंद करायला सांगतील, तरी चालूच ठेव. तो कितव्या वळणावर मधे पडतो ते लक्षात ठेव, तिथंच तुझा हात किंवा पाय घाई करतोय. गाडी फिरलीच तर तुझ्या गाडीला क्लचचं पेडल नाही, म्हणून फक्त ब्रेक पूर्ण दाबून धर आणि गाडी थांबेपर्यंत सोडू नकोस. चाकं ट्रॅकबाहेर गेली तर स्टिअरिंग झटक्यानं आत ओढू नकोस. सरळ जाऊ दे, वेग मरू दे, मागून कोणी येत नाही बघ आणि मग ये.

आता मित्रांचा प्रश्न. तू जातोयस तो मद्रास इंटरनॅशनल सर्किट, पूर्वीचा मद्रास मोटर रेस ट्रॅक, 1990 सालचा. एक फेरी 3.7 किलोमीटरची, वळणं बारा. तुझे मित्र त्या बारा वळणांशी आधीच ओळख करून आलेत, तू नाहीस. मग ते पुढं जाणारच, त्यात हसण्यासारखं काय? आणि ट्रॅक डे ही शर्यत नव्हे. ओव्हरटेक ठरवून दिलेल्या सरळ भागातच, आणि पुढच्यानं इशारा दिल्यावरच होतो. मागून जोरात गाडी आली की सरळ रस्त्यावर इशारा दे, पाय थोडा हलका कर आणि जाऊ दे. असा रस्ता देणारा चालक मागच्यांना फार आवडतो, कारण त्याचा पुढचा डाव त्यांना कळतो. आरशात बघत, कोणाला अडवायचं या ईर्ष्येनं चालवणाऱ्याचा मात्र सगळ्यांनाच धसका असतो. पहिल्या दिवशी मोबाइलवर फेरीची वेळ मोजूच नकोस. इन्स्ट्रक्टर मिळत असेल तर पहिल्या दोन सेशनना शेजारी बसव, त्याचे पैसे वेगळे पडले तरी दे. नव्या एक्झॉस्टपेक्षा तो खर्च सत्कारणी लागेल.

सकाळच्या ब्रीफिंगला पहिल्या रांगेत बस. पिवळा झेंडा म्हणजे पुढं धोका, वेग कमी, ओव्हरटेक नाही. लाल म्हणजे सेशन थांबलं, सावकाश पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या थांबतात तिथं, यायचं. निळा म्हणजे मागं वेगवान गाडी. काळा तुझ्याकडं दाखवला तर तुलाच आत बोलावलंय. चौकड्यांचा झेंडा म्हणजे सेशन संपलं. ट्रॅकला पहिली फेरी मारताना वळणं बघण्याआधी झेंडेवाले कुठं उभे आहेत ते बघून ठेव.

चौकड्यांचा झेंडा दिसल्यावरची फेरी ब्रेक शक्यतो न वापरता, सावकाश मार, म्हणजे ब्रेकच्या डिस्क गार होतील. पिटमध्ये आलास की पार्किंग ब्रेक लावू नकोस. तापलेला पॅड तापलेल्या डिस्कला दाबून धरला तर नुकसान होतं. गाडी पार्कमध्ये टाक आणि चाकाखाली दगड किंवा ठोकळा लाव. मग टायरची हवा बघ. ट्रॅकवर ती सात-आठ पीएसआय सहज वाढते. इन्स्ट्रक्टर सांगेल तेवढी कमी कर, आणि संध्याकाळी टायर गार झाल्यावर आठवणीनं पुन्हा भर. कमी हवेवर हायवेला लागू नकोस.

हेल्मेट कुठल्या दर्जाचं चालेल ते आयोजकांना आधीच विचार. कपडे सुती, पूर्ण बाह्यांचे घाल, बूट पातळ तळव्याचे. सीटला खांदे टेकलेले असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे आणि ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. तुम्ही जानेवारी निवडलात ते चांगलं केलंत. आपल्याकडं दिवाळीनंतर आभाळ मोकळं होतं, पण चेन्नईकडं ऑक्टोबर ते डिसेंबर हाच मुख्य पावसाळा. तरी तिथली हवा दमट आहे. प्रत्येक सेशननंतर मीठ-साखर-लिंबाचं पाणी पी, तहान नसली तरी पी. आणि ठरलेल्या सेशनपैकी शेवटचं सोडून दे. दुपारी चारनंतर हात सरावलेले असतात आणि डोकं दमलेलं असतं. त्या वेळी माणसाला आपण दमलोय हे कळत नाही.

विम्याबद्दल कुणी तुला सांगितलेलं दिसत नाही. खासगी गाडीच्या नेहमीच्या पॉलिसीत वापराच्या मर्यादा लिहिलेल्या असतात. संघटित शर्यत, वेगाची चाचणी यांसाठी गाडी वापरली तर विमा लागू होत नाही, असं त्यात स्पष्ट असतं. ट्रॅक डे शर्यत नाही हा युक्तिवाद तिथं टिकेल यावर एक रुपयाही लावू नकोस. ट्रॅकवर गाडीला जे होईल ते तुझ्या खिशातून, हे मनाशी धरूनच जा. बंपर आणि दोन अलॉय चाकं गेली तर, गाडीचे हप्ते असतील तर ते भरून, तो खर्च झेपेल का, याचा हिशेब आज रात्री कागदावर मांड. झेपत नसेल तर या वर्षी कार्टिंग कर आणि पुढच्या वर्षी जा. ट्रॅक कुठं पळून जात नाही.

प्रवासाचं सोपं आहे. आपल्या साताऱ्याबाहेरून जाणारा 48 क्रमांकाचा महामार्गच कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, बेंगळुरू करत श्रीपेरंबुदूरच्या पुढं इरुंगट्टुकोट्टईला, ट्रॅकपाशी जातो. हजार किलोमीटरच्या आसपास अंतर. दोन दिवसांत जा, ट्रॅक डेच्या आदल्या रात्री जवळच मुक्काम कर आणि ट्रॅक डे झाल्यावर त्याच संध्याकाळी परत फिरू नकोस. दिवसभर 180 बघितलेल्या डोळ्यांना हायवेवर 110 म्हणजे रांगणं वाटतं. रात्रभर झोप, दुसऱ्या दिवशी उजेडात निघ. बंद पडलेली गाडी उचलून नेणाऱ्या फ्लॅटबेड ट्रकवाल्याचा नंबरही आधीच घेऊन ठेव.

राहिले अप्पा. त्यांना सांग, आणि याच आठवड्यात सांग. हप्ते घरच्या धंद्यातून जात असतील तर तो त्यांचाही पैसा आहे. हजार किलोमीटरवरून फोन करून «गाडीला जरा लागलंय» हे पहिलं वाक्य त्यांच्या कानी पडू नये. आणि मला तर वाटतं, हा विषय त्यांना तुझ्या मित्रांपेक्षा जास्त कळेल. ज्यानं शर्यतीची बैलं पाळली, त्याला विचार की आदत, म्हणजे दुधाच्या दातांचा, खोंड पहिल्यांदा मैदानात नेताना काय करायचात? ते सांगतील की त्याला आधी नुसतं मैदान दाखवायचं, गर्दीची, हलगीची सवय करायची, छकड्याला जुंपून रिकामं चालवायचं. पहिल्याच दिवशी नंबरात आणायला गेलं तर खोंड कायमचा बिथरतो. गाडीवरचा त्यांचा राग पैशावरचा आहे की तुझ्या जिवाच्या काळजीवरचा, हेही त्या गप्पांत तुला कळेल.

त्यांची तब्येत साथ देत असेल तर त्यांना बरोबरच घेऊन जा. केमनला सीट दोनच आहेत, पण डिक्की पुढंही आहे आणि मागंही, दोघांच्या बॅगा सहज बसतील. बेळगावला जेवा, चित्रदुर्गला मुक्काम करा. ट्रॅकवर त्यांना सावलीत खुर्ची टाकून दे, टोपी आणि पाण्याची बाटली हाताशी ठेव, आणि समोर दिसेल ते वळण नेमून दे. प्रत्येक सेशननंतर त्यांना एवढंच विचार, «अप्पा, ब्रेक मारताना गाडी सरळ होती का?»

– तुझा काका